वही एक, कामं तीन: नव्या कॉलेज ग्रंथपालासाठी

कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू होण्याच्या अटी थोडक्यात अशा: यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे एम.लिब.ला (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि सोबत नेट किंवा सेट. नेटमध्ये या विषयाचा कोड ५९. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, वेळ ३ तास. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मुलाखतीत रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सगळेच घडाघडा म्हणतात. समिती अडवते ती 'गुगलवर सगळं मिळतं, मग तुम्ही कशाला?' या प्रश्नाशी. त्याचं उत्तर रेफरन्स डेस्कवर, म्हणजे विद्यार्थ्यांना हवी ती माहिती शोधून देण्याच्या टेबलावर, तयार होतं.

म्हणून पहिल्या दिवशी डेस्कवर एक दोनशे पानी वही ठेवा. रेफरन्स, शोध शिकवण्याची तासिका आणि वेबसेवा या तिन्ही कामांची सुरुवात तिथून. रकाने सहा: तारीख, वर्ग, विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत, खरं हवं होतं ते, कुठे सापडलं, किती मिनिटं लागली. विद्यार्थ्याचं नाव लिहू नका. तिसरा आणि चौथा रकाना एकच वाटतो, पण काम शिकायचं ते या दोहोंमधल्या फरकातूनच.

समजा, काटोलकडचा एक मुलगा येतो.

"मॅडम, संत्र्यावरचं पुस्तक भेटेल का?"

लगेच उठून ६३४.३१च्या (दशांश वर्गीकरणातला संत्र्याचा क्रमांक) फळीकडे गेलात तर त्याच्या हाती लागवडीचं पुस्तक पडेल आणि तो ते मुकाट्याने परत आणून देईल. आधी विचारा: "कशासाठी पाहिजे रे?" प्रोजेक्ट आहे. "संत्र्याचं नेमकं काय?" झाडं काळी पडतात, कोळशी रोग. "किती पानांचं, कधी द्यायचंय?" वीस पानं, पुढच्या सोमवारी.

आता खरी गोम पाहा. लोक 'रोग' म्हणतात, पण मूळ आहे काळी माशी. तिची पिल्लं पानांतला रस शोषतात, चिकट गोड द्रव सोडतात, त्यावर काळी बुरशी वाढते. त्यामुळे फक्त वनस्पतिरोगाच्या पुस्तकांत शोधत बसलं तर अर्धंच हाती लागतं. कीटकशास्त्राकडे वळायचं, शोधशब्द घ्यायचे सिट्रस ब्लॅकफ्लाय आणि शास्त्रीय नाव अ‍ॅल्युरोकँथस वोग्लुमी. आधी शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) प्रबंध पाहा, कारण प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात संदर्भांची आयती यादी असते. मग नागपूरच्या अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची प्रकाशनं. एवढ्याला वीस मिनिटं पुरतात. उठताना त्याला सांगा, "अडलं तर गुरुवारपर्यंत ये." रविवारी संध्याकाळी मदत मागितली तर तुमच्याही हातात काही नसतं.

नाही सापडलं तर वहीत 'नाही' असंच लिहा. खरेदीच्या बैठकीत ही 'नाही'ची पानं उघडून ठेवली की प्राध्यापकांशी वाद कमी होतो.

दोन-तीन महिन्यांत वहीत तेच ते प्रश्न दिसू लागतात. मुलांना शोधायला शिकवण्याच्या तासिकेचा अभ्यासक्रम तिथून घ्या. प्रवेशाच्या गर्दीत साठ-सत्तर मुलांना कपाटं दाखवत फिरवण्याचा कार्यक्रम जवळपास वाया जातो. तेव्हा कुणाला काही शोधायचंच नसतं. प्रोजेक्ट जमा करायच्या दोन आठवडे आधी विषयशिक्षकांकडून एक तास मागून घ्या. वीसच्या वर मुलं नकोत, एका संगणकावर दोघं. पन्नास मिनिटांत तुमचं बोलणं पंधराच्या आत संपवा. इंटरनेट जाणारच असं धरून चला, स्क्रीनशॉट पेनड्राइव्हवर असू द्या.

मराठीत शोधायला शिकवताना सामान्यरूपाचा मुद्दा सोडू नका. 'संत्रा' टाकलं तर 'संत्र्यावरील किडी' हे शीर्षक सुटतं. 'संत्र' लिहून पुढे फुली (*) दिली तर संत्रा, संत्री, संत्र्या तिन्ही येतात. हीच युक्ती 'विहीर'ला लागू पडत नाही: 'विहिरी'त दीर्घ ही ऱ्हस्व होते, समान भाग फक्त 'विह' उरतो आणि त्याला फुली दिली की बौद्ध विहारांची पुस्तकं रांगेत उभी राहतात. तिथे दोन्ही रूपं 'ऑर'ने (OR) जोडायची. मुलांना आधी चुकू द्या, मग सांगा.

वेबसेवेत निम्मी दुखणी अक्षरांची असतात. पुस्तकांची जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांमध्ये टंकलेली असेल तर पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच. युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय कोहात (ग्रंथालयाची संगणक प्रणाली) आयात करू नका. बदलल्यावर शंभर नोंदी डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं आणि रफार तिथे हमखास फुटतात. 'अॅ' आणि 'ॲ' दिसायला सारखे, आतून वेगळे. ग्रंथालयाने एकच ठरवावा. कोहाचा शोध झेब्रा या इंजिनावर चालत असेल तर इंडेक्सिंग आयसीयू (युनिकोड नीट हाताळणाऱ्या) पद्धतीचं हवं, नाहीतर देवनागरी शोध धड चालत नाही. सेटिंग बदलल्यावर पूर्ण री-इंडेक्स करा. ते राहिलं तर 'काहीच फरक पडला नाही' म्हणून लोक दोन दिवस भलतीकडे शोधत बसतात. मार्क २१ या ग्रंथनोंदीच्या प्रमाण साच्यात २४५ क्रमांकाच्या रकान्यात शीर्षक देवनागरीत, २४६मध्ये त्याचं रोमन रूप द्या; मोबाइलवर रोमनमध्ये टंकणारी मुलं पुष्कळ.

ग्रंथालयाच्या पानावर सर्वांत वर ओपॅकची (ऑनलाइन ग्रंथसूची) शोधचौकट, त्याखाली आजची वेळ, एन-लिस्ट या ई-साहित्याच्या सेवेचं लॉगिन आणि जुन्या प्रश्नपत्रिका. ग्रंथपालाचा फोटो आणि मनोगत खाली, ठेवायचंच असेल तर. प्रश्नपत्रिका ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि ओसीआर करा, म्हणजे चित्रातला मजकूर शोधता येईल. टेसेरॅक्ट या ओसीआर प्रणालीत मराठीची सोय आहे. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता: वर्ष, हिवाळी की उन्हाळी, विषयाचा कोड. 'स्कॅन००१' नावाच्या दोनशे फायली पुढे कुणीच लावत नाही.

दर सत्राच्या सुरुवातीला पानावरची प्रत्येक लिंक कॉलेजच्या वायफायवरून नव्हे, स्वतःच्या मोबाइल डेटावरून उघडून पाहा. कॅम्पसमध्ये उघडणारं बरंच काही घरी पासवर्ड मागतं, आणि मुलं रात्री दहानंतर घरूनच शोधतात. उन्हाळ्यात ग्रंथालय सकाळचं झालं की वेळ आधी पानावर बदला, मग दारावर कागद लावा. हिंगण्याहून दुपारी एकच्या उन्हात कुलूप पाहायला आलेला विद्यार्थी पुन्हा फिरकत नाही.