चार दप्तरं, एक लेकरू: बाल संरक्षणात या चुका टाळा

पोलीस, बाल कल्याण समिती (संकटातल्या मुलाचं काय करायचं ते ठरवणारी), जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृह. प्रत्येकाकडे मुलाची फाइल असते. ती एकमेकांपर्यंत पोचत नाही आणि भोगतं लेकरू.

दहा वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर फ्रॉकची उसवलेली शिवण ओढत बसली होती. घर का सोडलंस, असं विचारलं तर म्हणाली, "काल त्या ताईंनी लिहून घेतलंय ना." तिला हे विचारणारी मी चौथी होते, आणि लिहून घेतलेलं माझ्या टेबलावर आलंच नव्हतं. तेव्हापासून मुलाशी बोलण्याआधी मागची नोंद मागवते. राहिलं असेल तेवढंच विचारावं. पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचं, प्रकरण असेल तर तपशील आपण खोदूच नयेत. मूल आपणहून बोललं तर त्याच्याच शब्दांत टिपावं आणि लगेच पोलिसांना कळवावं.

कागद जमेपर्यंत थांबणं ही दुसरी चूक. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मूल समितीपुढे न्यायचं असतं. "आज शनिवार, सोमवारी आणतो" चालत नाही. बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. वयाची शंका आली की थेट हाडांच्या तपासणीला पाठवू नका. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ९४ आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघायला सांगतं, मग ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल तरच तपासणी. पुष्कळदा मुख्याध्यापकांना एक फोन पुरतो.

मुलाच्या घरची परिस्थिती पाहून लिहायच्या सामाजिक तपासणी अहवालाला १५ दिवस मिळतात. सरपंचांना फोन करून भरलेला अहवाल मला वाचताक्षणी कळतो: "परिस्थिती हलाखीची, संस्थेत ठेवणे योग्य." घरी जा हो. वडील वारलेले, आई ऊसतोडीला परजिल्ह्यात, अशा घरी गेले तर आजीने नातवाच्या वह्या पिठाच्या डब्यावर, उंदरांपासून लांब, रचून ठेवल्या होत्या. त्या घराला बालगृहाची नाही, पैशाची गरज होती. मूल कुटुंबातच वाढावं म्हणून सरकारची बालसंगोपन योजना आहे, तिच्यात महिन्याला २२५० रुपये मिळतात. नुसती माहिती देऊन निघू नका, अर्ज भरून द्या, बँकेत खातं उघडायला सोबत जा.

कुटुंब तोडीला निघून गेलं की फाइल बंद करतात. बंद करू नका. मुकादमाकडून कारखाना कोणता ते काढा आणि त्या जिल्ह्याच्या कक्षाला कळवा.

शाळेला सगळी कहाणी सांगण्याची गरज नसते. मुलाचा फोटो, नाव ग्रुपवर टाकणं तर नकोच. ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ची बंदी आहे. वर्गशिक्षिकेला एवढंच सांगा: उशिरा आला तर रागावू नका, आणि दोन दिवस दिसला नाही तर त्याच दिवशी मला फोन करा.