धरणसाठ्याचा आलेख: मॅटप्लॉटलिबमध्ये अक्षांची लेबलं आणि एककं

खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा रोजचा साठा आलेखात मांडायचा, तर आधी फाईलमधले आकडे कुठल्या एककात आहेत ते पाहा. घनफुटात असतील तर उभ्या अक्षाच्या डोक्यावर बारीक '१ई१०' (म्हणजे १०चा दहावा घात) उमटतं आणि खुणांपाशी ०.५, १.०, १.५ असं काहीतरी दिसतं. दहा लाखांच्या पुढे मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथनची आलेख काढायची लायब्ररी, मुळातच असं करते. टिकलेबल-फॉरमॅटमध्ये 'प्लेन' दिलं की ते जातं खरं, पण मग अकरा आकडी संख्यांची रांग लागते. त्यापेक्षा डेटालाच १०० कोटींनी भागा, की झाले टीएमसी (अब्ज घनफूट). चारही धरणं भरली की २९.१५ टीएमसी, म्हणजे अक्ष ० ते ३० आणि मल्टिपल-लोकेटरने दर ५ वर खूण. एकक लेबलात एकदाच लिहा, 'पाणीसाठा (टीएमसी)'. प्रत्येक आकड्याला चिकटवू नका.

खुणांवरचा मजकूर सेट-वायटिकलेबल्सने हाताने भरणं टाळा. खुणा आधी पक्क्या केल्या नसतील तर झूम करताच त्या बदलतात, मजकूर जुनाच राहतो आणि आलेख बिनदिक्कत खोटं बोलतो. त्यासाठी फंक-फॉरमॅटर आहे: खुणेचा मजकूर तुम्ही लिहिलेलं फंक्शन बनवतं. त्याच्या फंक्शनला मूल्य आणि खुणेचा क्रमांक असे दोन आर्ग्युमेंट येतात. दुसरा वापरायचा नसला तरी घ्यावाच लागतो. पायथनचा तयार स्वल्पविराम १००,००० असा पडतो, त्यामुळे १,००,००० हवं असेल तर तेही याच फंक्शनमध्ये लिहा.

तोच साठा दशलक्ष घनमीटरमध्येही दाखवायचा असेल तर सेकंडरी-वायअॅक्सिस घ्या. त्याला जाणारं आणि परतीचं अशी दोन फंक्शनं लागतात: २८.३२ने गुणणारं आणि भागणारं. मुठेत सोडलेला विसर्ग मात्र क्युसेकमध्ये (घनफूट प्रति सेकंद), म्हणजे वेग. त्याला ट्विनएक्स, म्हणजे त्याच आडव्या अक्षावर दुसरा स्वतंत्र उभा अक्ष, आणि लेबलाचा रंग रेषेचाच. पडताळा सोपा आहे: ११,५७४ क्युसेक दिवसभर चालला की १ टीएमसी.

खरी डोकेदुखी देवनागरीची. मूळ फॉन्टमध्ये ती नाही, म्हणून चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरी लावला की 'पाणीसाठा' नीट येतो, पण 'विसर्ग'मधली वेलांटी व-च्या उजवीकडे जाते आणि रफार सुटतो, कारण बहुतेक आवृत्त्या अक्षरं नुसती एकापुढे एक मांडतात. यावर उपाय पीजीएफ बॅकएंड आणि झीलाटेक: मजकूर मॅटप्लॉटलिबऐवजी लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली मांडते. प्रीअँबलमध्ये, म्हणजे लाटेकच्या सुरुवातीच्या सूचनांमध्ये, फॉन्टच्या नावासोबत स्क्रिप्ट देवनागरी असल्याचंही सांगा, नाहीतर तिथेही वेलांटी तशीच राहील.