नव्या रिमसाठी टायरची रुंदी कशी ठरवावी

टायरआधी रिमची रुंदी पाहावी. २०५/५५ आर १६ (रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिमचा व्यास १६ इंच) या टायरला साधारण ५.५ ते ७.५ इंच रुंदीची रिम चालते. त्याहून अरुंद रिमवर टायरच्या कडा आत ओढल्या जाऊन मधला भाग फुगतो आणि लवकर झिजतो, तर फार रुंद रिमवर कडा ताणल्या जातात व खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. २२५ रुंदीचा टायर हवा असल्यास २२५/५० घ्यावा, कारण २०५ चे ५५ टक्के आणि २२५ चे ५० टक्के दोन्ही सुमारे ११३ मिलिमीटरच भरतात, त्यामुळे चाकाचा व्यास बदलत नाही. रुंद टायर दिसतो झकास, पण साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, हे पाहावे.