चिलेशनमध्ये होणाऱ्या या चुका टाळा

चिलेशन म्हणजे शरीरात गेलेले शिशासारखे विषारी धातू औषधाने धरून बाहेर काढणं. अशा औषधाला चिलेटर म्हणतात. त्यातली सर्वांत घातक गफलत नावाची आहे. शिशाच्या विषबाधेत द्यायचं औषध म्हणजे कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. नुसतं डायसोडियम ईडीटीए वेगळं औषध आहे. ते रक्तातलंच कॅल्शियम धरतं आणि हृदय बंद पडू शकतं. अमेरिकेत २००५ मध्ये दोन मुलं अशीच दगावली. म्हणून चिठ्ठीवर 'ईडीटीए' एवढंच लिहू नका. पूर्ण नाव लिहा आणि बाटलीवरचं 'कॅल्शियम' वाचल्याशिवाय सलाईनमध्ये काही मिसळू नका.

दुसरी चूक तपासणीतली. आधी चिलेटर देऊन मग लघवी तपासली, तर कोणाच्याही लघवीत धातू वाढलेला दिसतो. पण अहवालातली मर्यादा औषध न घेतलेल्यांची असते. अशा आकड्यावरून उपचार ठरवूच नका. शिशासाठी शिरेतलं रक्त तपासा. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळतं, म्हणून तो आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने पडताळा. आर्सेनिकसाठी लघवी द्यायची असेल तर आधीचे चार-पाच दिवस मासे वर्ज्य. त्यातलं आर्सेनिक निरुपद्रवी असलं तरी एकूण आकडा फुगवतं.

मुलांमध्ये औषध साधारणपणे रक्तात ४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त शिसं असेल तेव्हाच सुरू करतात. २० ते ४४ च्या गटात सक्सिमर या तोंडाने घ्यायच्या चिलेटरने रक्तातलं शिसं उतरलं, पण मुलांच्या बुद्धीत फरक पडला नाही. तिथे खरा उपचार म्हणजे शिसं येतं ती जागा शोधणं आणि लोहाची कमतरता भरून काढणं.

सक्सिमरचा नेहमीचा कोर्स १९ दिवसांचा: किलोमागे १० मिलिग्रॅम, पहिले ५ दिवस दर ८ तासांनी, पुढचे १४ दिवस दर १२ तासांनी. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून मुलं तोंड फिरवतात. कॅप्सूल उघडून दाणे मऊ खाण्यावर टाकले तरी चालतात. मधूनमधून पांढऱ्या पेशी आणि यकृताची तपासणी चुकवू नका.

कोर्स संपल्यावर आकडा पुन्हा चढला, की लगेच 'औषध लागू पडलं नाही' असं म्हटलं जातं. हाडांत साठलेलं शिसं रक्तात उतरतं, त्यामुळे थोडी वाढ अपेक्षितच असते. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. आकडा सुरुवातीच्या पातळीपर्यंत किंवा त्याच्याही वर गेला, तर आधी घरातला जुना रंग, भांडी आणि कामाचे कपडे तपासा, मग दुसऱ्या कोर्सचा विचार करा.

डायमरकॅप्रॉल हे टोचून द्यायचं चिलेटर शेंगदाणा तेलात मिसळलेलं असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे टोचण्याआधी विचारा. मिथाइल पाऱ्याच्या (पाऱ्याचं एक सेंद्रिय संयुग) विषबाधेत तर ते देऊच नका, त्याने पारा मेंदूकडे जातो.