सी भाषेत बाइट छापताना येणारे जादा 'एफ' कसे टाळावेत

देवनागरी 'अ' हे अक्षर यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची एक पद्धत) मध्ये २२४, १६४ आणि १३३ अशा तीन बाइटांत साठवले जाते. सोळा आधारी पद्धतीत ते ई०, ए४, ८५ असे छापले जायला हवेत, पण अनेकदा प्रत्येकाआधी सहा 'एफ' चिकटलेले दिसतात. याचे कारण असे, की एक्स८६ यंत्रांवरील कंपायलर साधा 'कॅर' (एका बाइटाचा डेटा प्रकार) सहसा चिन्हयुक्त, म्हणजे ऋण मूल्येही धरणारा, मानतात, त्यामुळे २२४ ऐवजी उणे ३२ वाचले जाते आणि ते मूल्य प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनकडे जाताना ३२ बिटांचा 'इंट' (पूर्णांक) बनते, तेव्हा चिन्हाचा बिट डावीकडे पसरतो (यालाच चिन्हविस्तार म्हणतात) आणि तोच सहा 'एफ' म्हणून दिसतो. एआरएम लिनक्सवर 'कॅर' सहसा चिन्हरहित असल्याने तोच प्रोग्राम तेथे निर्दोष भासतो, आणि म्हणूनच हा दोष चाचणीतून सहज निसटतो.

बफर, म्हणजे बाइट साठवण्याची जागा, मुळातच 'अनसाइन्ड कॅर' (चिन्हरहित 'कॅर') प्रकाराचा घोषित करावा. ते शक्य नसल्यास छापताना प्रत्येक बाइटाचे त्या प्रकारात रूपांतर करावे. थेट 'अनसाइन्ड इंट'मध्ये केलेले रूपांतर निरुपयोगी ठरते, कारण चिन्हविस्तार त्यातही होतोच. 'इझअल्फा'सारख्या, अक्षराचा प्रकार तपासणाऱ्या फंक्शनांना बाइट देतानाही हीच काळजी घ्यावी. तेथे ईओएफ (फाइल संपल्याची खूण असलेले मूल्य) वगळता ऋण मूल्य दिल्यास वर्तन अनिश्चित असते.