माध्यमिक शाळेतील कलाप्रकल्प आणि सांस्कृतिक सोहळा : या चुका टाळा

सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी शिक्षक एकटेच ब्रश घेऊन पार्श्वपडद्यासमोर उभे असतील, तर चूक त्या संध्याकाळची नसते. ती महिनाभर आधी, कामाची आखणी करताना झालेली असते. कार्यक्रमाची तारीख ठरते, पाहुणे ठरतात, परंतु मुलांच्या हातून काम पुरे व्हायला किती दिवस लागतील याचा हिशोब कोणी मांडत नाही. तो तारखेपासून उलटा मांडावा. रंगीत तालमीला पडदा टांगलेला हवा असेल, तर त्याच्या दोन दिवस आधी तो रंगवून वाळलेला हवा. कागदाच्या लगद्याचे मुखवटे असतील, तर लगदा पातळ थरांत चढवावा आणि प्रत्येक थराला सुकायला साधारण एक दिवस द्यावा. वरून कोरडा पण आतून ओला राहिलेला मुखवटा रंगवला, की रंग तडकतो, आत बुरशी धरते आणि तो मुलाच्या चेहऱ्यावर चढवण्याजोगा राहत नाही.

घाईतून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे मुलांचे काम मोठ्यांनी ‘नीट’ करणे. ही चूक माझ्याकडूनही झाली आहे. आठवीतील एका मुलीने पडद्यावर घोडा काढला होता. त्याचे मागचे पाय आखूड होते, म्हणून मी ते शाळा सुटल्यावर पुन्हा रंगवले. दुसऱ्या दिवशी ती पडद्यापाशी आली, त्या पायांवरून बोट फिरवले आणि काहीही न बोलता दुसऱ्या गटात जाऊन बसली. चित्र सुधारले, पण ते तिचे राहिले नाही. प्रमाण चुकत असेल, तर लहान चित्रावर आणि पडद्यावर सारख्याच संख्येचे चौकोन आखून एकेक चौकोन मोठा करायला शिकवावे. दुरुस्ती मात्र मुलांच्याच हातून व्हावी.

भित्तिचित्र करताना भिंतीची तपासणी न करणे ही चूक महागात पडते. ओलसर भिंतीतील पाणी क्षार घेऊन पृष्ठभागावर येते आणि काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून एक-दोन दिवस ठेवावा; त्याच्या आत भिंतीकडील बाजूस दव धरले, तर आधी ओल काढावी. नव्या गिलाव्यालाही किमान चार आठवडे द्यावेत. पोस्टर रंग पाण्यात विरघळतात, त्यामुळे ते कागदासाठीच ठेवून बाहेरच्या भिंतीवर प्रायमर आणि त्यावर ॲक्रिलिक रंग वापरावेत. थर्माकोलवर नेहमीचा स्प्रे रंग मारू नये, कारण त्यातील द्रावकाने थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. तेथे पाण्यात मिसळणारे रंगच चालतात.

दिवसाच्या उजेडात सुंदर दिसणारा पडदा रंगमंचावर काळवंडतो, तेव्हा दोष बहुधा दिव्यांचा असतो. लाल प्रकाशात हिरवी झाडे जवळजवळ काळी दिसतात. म्हणून रंग ठरवतानाच तुकड्यावर नमुना रंगवून तो त्याच दिव्याखाली पाहावा. फलकावरील अक्षरांचेही तसेच आहे : प्रेक्षक 3 मीटरवर असेल तर साधारण 2.5 सेंटिमीटर उंचीचे अक्षर सहज वाचता येते; शेवटची रांग 15 मीटरवर असेल, तर अक्षर 12 ते 13 सेंटिमीटरचे हवे. कागदी सजावट तापणाऱ्या दिव्यांपासून दूर असावी आणि बाहेर पडण्याचा एकही दरवाजा तिच्यामुळे अडू नये, हे वेगळे सांगायला नको, तरीही प्रत्येक वेळी तपासावे.

सांस्कृतिक सोहळ्यातील चुका याहून नाजूक असतात, कारण त्या रंगासारख्या खरवडून काढता येत नाहीत. एखाद्या समाजाची ओळख म्हणून पोशाख, नृत्य आणि ठरावीक नक्षी एवढेच मंचावर आणले जाते, आणि त्याच समाजातील मूल प्रेक्षकांत अवघडून बसलेले असते. संहिता लिहिण्यापूर्वी त्या घरांतील मोठ्यांना विचारावे की कोणती गोष्ट सणाची आहे, कोणती शोकाची आहे आणि कोणती पूजेपुरतीच राखलेली आहे. पवित्र चिन्ह सजावटीची झालर म्हणून वापरले गेल्याचे नंतर कळले, तर माफी मागूनही सल उरतो. मात्र मुलाला सर्वांसमोर उभे करून ‘तुमच्याकडे काय करतात ते सांग’ असे कधीही म्हणू नये. एकांतात विचारावे आणि त्याने नकार दिला, तर कारण न विचारता तो मान्य करावा.

निवडीतही चूक होते : मंचावर दरवर्षी तीच आठ-दहा मुले दिसतात. पडदा ओढणे, दिवे, रंगभूषा आणि मांडणी यांची जबाबदारी सांभाळणाऱ्यांची नावेही निवेदनात घ्यावीत. आणि कार्यक्रम संपताच कलाकृती घडी घालून अडगळीत टाकू नयेत. रंगवलेला पडदा नळीवर गुंडाळावा, मुखवट्यांच्या आतल्या बाजूला करणाऱ्याचे नाव आणि इयत्ता लिहावी आणि आठवडाभर व्हरांड्यात मांडून मग ते ज्याचे त्याला परत द्यावेत.