जीपीयू नसताना पोतावरून फोटो ओळखायचे कसे

फोटो ओळखायचे म्हटलं की सगळे थेट डीप लर्निंगकडे धावतात, आणि त्याला सहसा जीपीयू (ताकदवान ग्राफिक्स कार्ड) लागतो. पण कापड, लाकूड, दगड असलं काही ओळखायचं असेल, जिथे वस्तूच्या आकारापेक्षा पोत महत्त्वाचा, तिथे जुन्या पद्धती साध्या लॅपटॉपवर मस्त चालतात.

सरावाला स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठाचा केटीएच-टिप्स डेटासेट (फोटोंचा तयार संच) घ्या. १० पदार्थ आहेत, सँडपेपर, थर्माकोल, कॉर्डरॉय, लिनन, कॉटन, संत्र्याची साल, शिवाय ब्राउन ब्रेड आणि क्रॅकर बिस्कीट (निवडणाऱ्याला भूक लागली असणार). प्रत्येकाचे ८१ फोटो, कारण कॅमेऱ्याची ९ अंतरं, ३ प्रकाश आणि ३ कोन.

फोटो आधी ग्रेस्केल करायचा, मग जीएलसीएम (ग्रे लेव्हल को-ऑकरन्स मॅट्रिक्स, म्हणजे शेजारच्या छटांच्या जोड्यांचं टेबल) काढायचा. यात फक्त जोड्या मोजायच्या असतात, म्हणजे ५ नंबरच्या छटेच्या उजवीकडे ७ नंबरची छटा किती वेळा आली वगैरे. इथे बरेच जण २५६ छटा तशाच ठेवतात, पण मग टेबलात ६५,५३६ खाने होतात आणि २०० बाय २०० च्या फोटोत शेजारच्या जोड्याच ४० हजारांपेक्षा कमी, म्हणजे बहुतेक खाने रिकामेच राहणार. म्हणून पिक्सेलला ८ ने पूर्णांक भागाकार करून ३२ छटा ठेवा, खाने फक्त १,०२४. सायकिट-इमेज या पायथन लायब्ररीत याचं तयार फंक्शन आहे, फक्त जुन्या ट्युटोरियलमध्ये ग्रेचं स्पेलिंग 'ई' ने असतं आणि नव्या व्हर्जनमध्ये 'ए' ने, एरर आली तर आधी ते बघा.

जोडीतल्या दोन पिक्सेलमधलं अंतर १, २, ४ पिक्सेल आणि चार दिशा घ्या. अशा टेबलातून पोत आकड्यांत मांडायला हॅरलिक या संशोधकाने १९७३ मध्ये १४ मापं मांडली होती, आपल्याला सायकिट-इमेजमधली कॉन्ट्रास्ट, डिसिमिलॅरिटी, होमोजिनिटी, एनर्जी, कोरिलेशन ही पाच पुरे. चार दिशांची नुसती सरासरी घेऊ नका, सर्वात मोठ्या आणि लहान आकड्यातला फरकही ठेवा. कॉर्डरॉयवर रेघांच्या बाजूने गेलात तर छटा फारशी बदलत नाही, आडवे गेलात की सारखी बदलते, थर्माकोलमध्ये असा दिशेचा फरक जवळपास नसतोच, आणि हीच ओळख सरासरीत पार पुसली जाते. ३ अंतरं, ५ मापं आणि प्रत्येकाची सरासरी व फरक, असे ३० आकडे झाले.

जोडीला एलबीपी (लोकल बायनरी पॅटर्न) घ्या. प्रत्येक पिक्सेल त्याच्या भोवतालच्यांशी ताडून बघायचा, कोण जास्त उजळ कोण कमी, त्यामुळे पूर्ण फोटो सारखाच उजळ किंवा गडद झाला तरी फारसा फरक पडत नाही. युनिफॉर्म पद्धत (एलबीपीचा एक प्रकार, यात खाने कमी लागतात), एकदा ८ शेजारी, एकदा १६, मग कुठला पॅटर्न किती वेळा आला याच्या हिस्टोग्रामचे १० आणि १८ खाने. हिस्टोग्रामची रेंज मात्र स्वतः फिक्स करा, नाहीतर प्रत्येक फोटोचे खाने वेगळे पडतात आणि मॉडेलला काहीच अर्थ लागत नाही.

एकूण ५८ आकडे झाले, ते रँडम फॉरेस्ट या क्लासिफायरला (आकड्यांवरून पदार्थ ओळखणाऱ्या मॉडेलला) द्या. एसव्हीएम हा दुसरा क्लासिफायर वापरायचा असेल तर स्केलिंग कराच, म्हणजे सगळे आकडे एकाच मापात आणा, कारण कॉन्ट्रास्ट शेकड्यांत जाऊ शकतो आणि होमोजिनिटी १ च्या आतच असते.

आता खरी गोम. फोटो शिकवायचे (ट्रेनिंग) आणि तपासायचे (टेस्ट) असे रँडम वाटले की टेस्टमधल्या फोटोचा जुळा भाऊ, तेच अंतर फक्त प्रकाश वेगळा, ट्रेनिंगमध्ये जाऊन बसतो आणि अॅक्युरसी फुगते. फाइलच्या नावातच स्केलचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या अंतराचा, नंबर असतो, तो ग्रुप म्हणून देऊन ग्रुप के-फोल्ड करा (एका अंतराचे सगळे फोटो एकाच बाजूला राहतात), आकडा खाली आला तर येऊ दे, तोच खरा. मग कन्फ्युजन मॅट्रिक्स (कोणता पदार्थ कोणता समजला गेला याचं टेबल) बघा, लिनन-कॉटन एकमेकांत मिसळत असतील तर जीएलसीएममध्ये आणखी मोठं पिक्सेल-अंतर जोडून बघा, लगेच क्लासिफायर बदलत बसू नका.

एवढं करूनही प्रत्येक पदार्थाचा नमुना एकच आहे हे विसरू नका, मॉडेल तोच एक ब्रेडचा तुकडा शिकलंय. नवीन तुकडा ओळखतंय का हे बघायचं तर केटीएच-टिप्स २ घ्या, त्यात ११ पदार्थ आणि प्रत्येकाचे ४ नमुने आहेत, तीन नमुन्यांवर शिकवायचं आणि चौथ्यावर तपासायचं.